एक जून आणि इतर अकरा महिने

काम वाटून घेतलं की लवकर होतं, हे सगळ्यांना मान्य आहे. ज्यांनी कधी काम वाटून घेतलंय तेवढे सोडून.

नाशिकच्या वय-पडताळणी कक्षालाही ते मान्य होतं. जिल्ह्यातल्या जुन्या शाळांच्या रजिस्टरांमधल्या नऊ लाख नोंदी या कक्षाने कॉम्प्युटरवर चढवल्या होत्या. ज्यांच्याकडे जन्माचा कागद नाही त्यांनी अर्ज करायचा, कक्षाने नोंदींत नाव शोधून वयाचा दाखला द्यायचा, अशी सोय. सोय उत्तम होती. फक्त एक नाव शोधायला चाळीस मिनिटं लागत, कारण गुरुजींच्या अक्षरात सगुणाची कुठे सगुना, कुठे शगुणा आणि एका गावी चक्क सुगंधा झालेली असल्याने प्रत्येक नाव ताडून पाहावं लागे. (ही चाळीस मिनिटं वाया जाऊ नयेत म्हणून कर्मचारी चहाला जात. चहाला पन्नास मिनिटं लागत.)

उपाय म्हणून नवा सर्व्हर आला. त्यात बारा 'वर्कर' होते. वर्कर म्हणजे माणसं नव्हेत. एकच शोध बारा तुकड्यांत वाटून घेऊन एकाच वेळी चालवणारे बारा प्रोग्राम. बाराही जणांचा अहवाल आला की उत्तर तयार. हे सगळं सांभाळायला महेश होता. अंबडच्या एका कारखान्यात पाच वर्षं सॉफ्टवेअर बघून तो इथे कंत्राटावर आला होता.

महेशने सुचवलं, की नोंदींचे हजार-हजारांचे गठ्ठे करावेत आणि ज्या वर्करचा गठ्ठा संपेल त्याने पुढचा उचलावा. कक्षप्रमुख वाघचौरे साहेबांनी ही सूचना शांतपणे ऐकून फेटाळली. कुठला गठ्ठा कुणाकडे जाणार हे आधी सांगता येत नसेल, तर चुकलं कुणाचं हे नंतर कसं सांगणार? कार्यालय गतीवर नाही, जबाबदारीवर चालतं. (गतीवर चालत नाही, हे महेशलाही पटलं.) वर्कर बारा, महिने बारा, तेव्हा जन्ममहिन्याप्रमाणे एकेका वर्करला एकेक महिना द्यावा, असा आदेश निघाला. नारळ फुटला.

पहिल्याच शोधात फेब्रुवारीने अकरा सेकंदांत काम संपवलं. मार्च, ऑगस्ट, डिसेंबर, सगळे पाठोपाठ मोकळे झाले. जूनला अडतीस मिनिटं लागली.

कारण साधं होतं. त्या काळी मूल शाळेत आणलं, की गुरुजी जन्मतारीख विचारत, आई-बाप एकमेकांकडे बघत, आणि गुरुजी एक जून लिहून टाकत. नऊ लाखांपैकी आठ लाख साठ हजार माणसं एकट्या जूनमध्ये जन्मली होती. (कक्षातल्या एकोणीसपैकी अकरा जणांचा वाढदिवस एक जूनला असतो आणि केक एकच आणतात. तरी ही गोष्ट कुणाच्या ध्यानात आली नाही.)

आढावा बैठकीत आकडेवारी मांडली गेली. बारापैकी अकरा महिने कार्यक्षम, म्हणजे जवळजवळ ब्याण्णव टक्के. फेब्रुवारी सर्वोत्कृष्ट, तोही अठ्ठावीस दिवसांच्या तुटपुंज्या मनुष्यबळावर. जूनला कारणे दाखवा नोटीस निघाली. जूनला सही करता येत नसल्याने ती महेशने घेतली. खुलासा म्हणून त्याने एकच ओळ लिहिली, की काम जास्त आहे. सबब जुनी असल्याने ती अमान्य झाली, आणि यापुढे जूनसाठी न थांबता अकरा महिन्यांचा अहवाल हाच अंतिम समजावा, असं ठरलं. दाखले बारा सेकंदांत निघू लागले. वर्तमानपत्रात फोटो आला.

त्याच आठवड्यात निफाडजवळच्या एका गावाहून सगुणाबाई आल्या. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. शुक्रवारी पासष्टच्या वरच्यांसाठी फुकट ऑपरेशनचं शिबिर होतं. वयाचा दाखला नसेल तर नंबर पुढच्या वर्षावर जाणार होता. चहा कपाच्या बाहेर ओतला जातो म्हणून त्यांनी चुलीपाशी जाणं सोडलं होतं. त्यांना बारा सेकंदांत कागद मिळाला. वाचता येईना, म्हणून समोर दिसेल त्याला, म्हणजे महेशला, त्यांनी वाचायला दिला.

'सदर व्यक्तीच्या जन्माची नोंद वर्षाच्या कोणत्याही कार्यक्षम महिन्यात आढळून आली नाही.'

महेशने ते दोनदा वाचलं. मग त्याने त्यांना खुर्ची दिली आणि सगळा प्रकार सांगितला, कारण न सांगता त्यांच्याकडे बघणं त्याला जमेना. सगुणाबाईंनी ऐकून घेतलं. त्यांच्या शाळेत सगळ्यांचीच एक जून होती, म्हणाल्या; थोरला भाऊ सहादू आणि त्या एकाच दिवशी शाळेत गेल्या, तर गुरुजींनी दोघांना जुळं करून टाकलं. मग त्यांनी विचारलं, "त्या जूनचं काम उरकंना, तवा बाकीचे अकरा काय करत व्हते?"

"काही नाही, मावशी. त्यांचं झालं होतं."

"मळ्यात एखादीची ओळ लांब निघाली तर आम्ही बाया पलीकडून द्राक्षं खुडत येतो. बसून बघत नाय राहत, भाऊ."

साहेब दुपारी सत्काराला गेले होते. महेशने महिने मोडले, हजार-हजारांचे गठ्ठे केले आणि शोध सुरू केला. साडेतीन मिनिटांत नोंद सापडली: शगुणा, जन्म एक जून १९५७. आता फक्त सही हवी होती. साहेब साडेचारला हार हातात घेऊन आले, दाखला पाहिला आणि जूनची नोंद निघालीच कशी, असं विचारलं. नोकरीचं काय होईल याचा महेशने क्षणभर विचार केला. मग त्याने स्क्रीनवर जे होतं तेच सांगितलं.

"फेब्रुवारीने शोधली, सर."

हे खरं होतं. तो गठ्ठा नेमका त्या वर्करच्या हाती लागला होता. साहेबांचा ऊर भरून आला. स्वतःचं सांभाळून जूनचंही करतो, म्हणाले, याला म्हणतात निष्ठा. त्यांनी सही केली. सगुणाबाईंना शेवटची एसटी मिळाली.

महेशने गठ्ठे तसेच ठेवले आणि आधी 'आढळून आली नाही' म्हणून परत पाठवलेले एकशे चार अर्ज पुन्हा चालवले; सगळ्यांच्या नोंदी सापडल्या. श्रेय फेब्रुवारीला गेलं. जूनवरची नोटीस प्रलंबित आहे.

शुक्रवारी ऑपरेशन झालं. पट्टी सुटल्यावर सगुणाबाईंनी महेशला फोन केला. लख्ख दिसतंय, म्हणाल्या. चूल आता पुन्हा त्या बघतात. सुनेचे केस किती पांढरे झालेत हे मात्र घरात त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

आता तुमच्याविषयी. तुम्ही इथवर वाचत आलात, म्हणजे तुमच्या वाटणीचं काम वेळेत संपलेलं दिसतं. अभिनंदन. तुमच्या घरात जिचं संपलेलं नाही, ती हे वाचत नाहीये. मघाशी तिने हाक मारली, तेव्हा तुम्ही 'आलोच' म्हणाला होतात.