आप्पांचा शनिवार

"माणूस दफ्तरासाठी जन्माला येत नाही!" असं गर्जत हेडक्लार्क गुणवंतराव तीन वर्षं भांडले आणि सिविल लाइंसमधल्या आपल्या दफ्तराला त्यांनी पाच दिवसांचा आठवडा मिळवून दिला. सुट्टीच्या पहिल्याच शनिवारी, सकाळी दहाला, ते स्वतः दफ्तराच्या दाराशी उभे राहून कुलूप हिसडत होते.

आत त्यांचे वडील होते.

म्हणजे आप्पांच्या अस्थी. त्या घरात आणायच्या नसतात आणि तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटला कलश टांगायला झाड नव्हतं. म्हणून शुक्रवारी संध्याकाळी गुणवंतरावांनी कलश दफ्तरातल्या आपल्या कपाटात ठेवला. उद्या दफ्तर उघडलं की उचलू, हे तीस वर्षांच्या सवयीनं गृहीत धरलं. आता तिलवाऱ्याच्या घाटावर गुरुजी आणि नागपूरहून आलेले श्रीरंगकाका नर्मदेकडे बघत बसले होते. विसर्जन सूर्य मावळायच्या आत व्हायला हवं होतं.

चौकीदार रामरावाला फोन लागला. "किल्ली माझ्याच खिशात आहे, बाबूजी. मी सिहोऱ्याला सासुरवाडीत आलो ना! दोन दिवस छुट्टी, तुमची कृपा."

"लगेच निघ!"

"पण शनिवारी कोणालाच बोलवायचं नाही, असं कलम आहे ना? तुम्हीच तर वाचून दाखवलं, आम्ही टाळ्या वाजवल्या."

"अरे, आप्पा आत आहेत!"

फोन कटला. कुलूप तोडायची परवानगी मागायला त्यांनी आलोकसाहेबांना गाठलं. साहेब हळहळले. "बहुत दुख हुआ, गुणवंतजी. लिखित आवेदन दे दीजिए, सोमवार को देखते हैं।"

"आप्पा रविवारीसुद्धा फॅक्टरीत जायचे," त्यांच्या पत्नी कुंदाताई दाराकडे बघत म्हणाल्या. "आता मेल्यावर शनिवारीही दफ्तरात. काहून हो त्यांच्याच नशिबी सुट्टी नाही?"

गुणवंतराव पायरीवर बसले. आप्पा गेल्यापासून ते रडले नव्हते. ते आता रडले.

चार वाजता फाटकाशी रिक्षा थांबली. घामानं निथळलेला रामराव उतरला. पायजमा गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेला. त्यानं कुलूप उघडलं, चप्पल बाहेर काढली, आत जाऊन हात जोडले.

कलश छातीशी धरून गुणवंतराव बाहेर आले. "रामराव, माझ्यासाठी सुट्टी मोडलीस रे!"

"त्याचं काही नाही, बाबूजी. सकाळपासून सासऱ्याची विहीर उपसून राहिलो होतो. उद्या छपराची कौलं आहेत." त्यानं कुलूप लावलं, कुंदाताई रिक्षात बसेपर्यंत थांबला आणि मग गुणवंतरावांच्या कानाशी आला.

"पुढच्या शनिवारी पण आत काही विसरून जा ना."