मृदंगाची शर्यत आणि काल्याचं कीर्तन

भीमा आणि घोड या दोन नद्यांच्या मधल्या मुलखात माझ्या मृदंगासारखं कुत्रं नाही, हे मी त्या काळी कुणालाही छातीठोक सांगत असे. कुणी विचारलं नाही तरी सांगत असे! दौंडच्या फलाटावर पुण्याला निघालेला एखादा परका माणूस माझ्या तावडीत सापडला, की मृदंगाची छाती किती खोल, कंबर किती बारीक आणि पळताना चारही पाय जमिनीपासून कसे सुटतात, हे ऐकल्याशिवाय त्याची सुटका नसे. एकदोघांच्या गाड्या चुकल्या. पण ज्ञान तर मिळालं!

मृदंग म्हणजे आमचा कारवानी कुत्रा. त्याच्या जोडीला वीणा, त्याची सख्खी बहीण. आम्ही धनगर. माझे आजोबा मेंढरं घेऊन फिरायचे तेव्हा त्यांच्या कळपाभोवती असलीच शिकारी कुत्री असायची. पुढं मेंढरं गेली, आजोबाही गेले, मी रेल्वेत पॉइंटमन झालो; कुत्र्यांचं वेड मात्र रक्तातून गेलं नाही. रेल्वे क्वार्टरच्या दोन खोल्यांत मी, माझी बायको सारजा आणि ही दोन लांबलचक जनावरं! ती आडवी झाली की आम्हाला उभं राहावं लागे.

दुसरं वेड कीर्तनाचं. पंचक्रोशीत कुठं सप्ताह बसला की मी ड्यूटी बदलून घेऊन जाणार. जाता आलं नाही तर घरी टेप होताच. रोज संध्याकाळी आमच्याकडं कीर्तनाची कॅसेट लागायची. मृदंग आणि वीणा पुढचे पाय जुळवून, माना ताठ करून ऐकत बसायची. शेवटी महाराजांनी जयघोष केला की मीही दोन्ही हात वर करून खच्चून ओरडायचो, "पुंडलिक वरदे हरी विठ्ठल!" आणि मगच दूध-भाकरीची थाळी त्यांच्यापुढं सरकवायचो. हरिनामाआधी घास नाही! माणसांना जे जमत नाही ते मी कुत्र्यांना शिकवलं होतं!

सारजानं हे सगळं सोसलं. पण एकदा आमच्याकडं एक महाराज जेवायला आले. पाटावर बसले, डोळे मिटून श्लोक म्हणू लागले. वीणेला जागचं उठायचीही गरज पडली नाही. तिनं नुसती मान लांब केली. महाराजांनी डोळे उघडले तेव्हा ताटात मीठ आणि लिंबू एवढंच होतं, पुरणपोळीचा मागमूस नाही!

महाराज पोट धरून हसले. सारजा हसली नाही.

"आता लई झालं!" महाराज गेल्यावर ती म्हणाली. "ही कुत्री कामाची हायत असं एकदा चारचौघांत दाखवून द्या. न्हाईतर गेणबाला देऊन टाका. त्याचं रान हाय. हितं मला पाय ठिवायला जागा न्हाई!"

गेणबा म्हणजे तिचा धाकटा भाऊ. कारेगावला असतो. त्याचा मृदंगावर डोळा होता, अगदी मांजराचा दुधावर असतो तसा! बातमी लागायचा अवकाश, पठ्ठ्या दौंडात हजर!

"दाजी," तो म्हणाला, "शिरूरला कुत्र्यांचं परदर्शन हाय. सकाळी दिसणं बघत्यात, मग पळणं. तुमच्या मृदंगानं एक जरी कप आणला, तर मी पुन्यांदा त्याचं नाव काढणार न्हाई. न्हाई आणला, तर त्याची दोरी माझ्या हातात. हाय कबूल?"

"कबूल! माळेवर हात ठिवून सांगतो!" मी गळ्यातल्या तुळशीच्या माळेवर हात ठेवला. "आन् तू कुणाला पळवणार? तुझ्या बुलेटला?"

गेणबाच्या कुत्र्याचं नाव बुलेट. नाव बुलेट आणि चाल बैलगाडीची! मी इतका हसलो, की वीणा दचकून कॉटखाली गेली.

प्रदर्शनाच्या दिवशी मी आणि सारजा न्हावऱ्यावरून वडापच्या जीपनं निघालो. जीपमध्ये माणसं कोंबलेली, त्यात आमची दोन कुत्री. एका म्हातारबुवांच्या मांडीवर मृदंगाचं तोंड होतं आणि शेपूट ड्रायव्हरच्या कानात! शिरूरच्या अलीकडं मैदानाशी उतरलो आणि बघतो तर काय! मैदानाला लागूनच देऊळ, देवळापुढं मंडप, मंडपावर दोन मोठाले कर्णे. सप्ताहाचा शेवटचा दिवस! काल्याचं कीर्तन!

आता सांगा, माझ्यासारख्या माणसानं करावं काय? पाय मैदानात आणि कान मंडपात! गरम तव्यावर उभं केल्यासारखी माझी गत झाली. सारजा म्हणाली, "तुम्ही आदी हितं बघा. देव कुठं पळून जात न्हाई."

रिंगणात आमची पाळी आली. परीक्षक म्हणून पुण्याचे साहेब आले होते, डोक्याला हॅट, पायात बूट. ते मृदंगाजवळ येतात न येतात तोच कर्ण्यातून मृदंगावर थाप पडली. म्हणजे खऱ्या मृदंगावर! टाळ घुमले. आणि आमच्या मृदंगानं काय करावं? शांतपणे बसला, पुढचे पाय जुळवले, मान ताठ केली.

"याला उभा करा," साहेब म्हणाले.

"ऊठ रं माझ्या राजा!" मी म्हणालो. राजानं माझ्याकडं असं पाहिलं, जणू कीर्तन चालू असताना उभा राहणारा मीच पापी! मी पोटाखाली हात घालून उचलला. हात काढला, बसला. परत उचलला, परत बसला.

साहेबांनी वाकून त्याची कंबर दाबली. "मागच्या पायात काही अधू आहे का?"

"नाही साहेब. श्रोता हाय तो."

"काय आहे?"

"कीर्तन ऐकतोय."

साहेबांनी माझ्याकडं असं बघितलं, की आता हे माझेही दात तपासतात! वीणेनं तर कहर केला. दात बघायला साहेब खाली वाकले, तेवढ्यात तिनं त्यांच्या खिशातलं बिस्कीट कागदासकट फस्त केलं. दिसण्याचे दोन्ही कप गेले कुणाच्या तरी घरी.

राहिली शर्यत. गेणबानं पिशवीतून नवाकोरा लाल पट्टा काढला आणि माझ्यादेखत झटकला. "आक्का, मृदंगाला रातच्याला काय लागतं गं खायाला? बाजरीची चालंल का जवारीची?"

बोलणं एक आणि दोरी दुसऱ्याच्या हातात जाणं एक! हे लेकरू पिल्लू असताना माझ्या सदऱ्याच्या आत झोपायचं. ते आता कारेगावच्या दावणीला? छे! पण कीर्तन चालू असताना हा पळायच्या रेघेवरही बसला तर? तो मैदानाकडचा कर्णा कसंही करून दुसरीकडं वळवायला हवा!

मी दोन्ही दोऱ्या सारजाच्या हातात दिल्या आणि मंडपाकडं धावलो. वाटेत विठ्ठलाची माफी मागितली. हरिनाम ऐकायला जन्मभर धावलो. त्याचं तोंड फिरवायला पहिल्यांदाच चाललो होतो.

मंडपाच्या दारातच सप्ताहाचे पुढारी भिमाजी आप्पा उभे होते. भारदस्त बागायतदार, फेटा, मिशा. माझं गंध, माळ, टोपी बघितली आणि त्यांचा चेहरा फुलला. "या माउली, या!"

"आप्पा, तो मैदानाकडचा कर्णा..."

"आलं ध्यानात! तिकडं ऐकू येईना ना? बघा, ह्याला म्हंत्यात भगत!" आप्पांनी मागं वळून आरोळी दिली, "ए, त्या कर्ण्याचा आवाज वाढव रं!"

"तसं न्हवं आप्पा..."

"काय बी बोलू नका. टाळकरी कमी पडल्यात. चला!" आणि माझ्या गळ्यात टाळ पडलासुद्धा!

तुम्ही कीर्तनात उभे राहिला असाल तर तुम्हाला ठाऊक असेल. एकदा टाळ गळ्यात पडला, की काही झालं तरी ओळ सोडायची नाही. मेलो! आप्पांनी मला ओळीच्या टोकाला, टाळकऱ्यांच्या माइकपाशीच नेऊन उभं केलं. समोर कीर्तनकार महाराज, वर टांगलेली दह्याची हंडी, बायामाणसांनी गच्च भरलेला मंडप. आणि मंडपाच्या उघड्या बाजूनं, अगदी समोर, सगळं मैदान!

पळायच्या रेघेवर कुत्री उभी राहू लागली. मी टाळ वाजवत मानेनं सारजाला खुणावलं. तिनं पदर खोचला, वीणेची दोरी एका हाताला गुंडाळली आणि मृदंगाला रेघेवर आणलं. माझ्या बायकोनं! जिला पाय ठेवायला जागा नव्हती तिनं! मैदानाच्या पार टोकाला स्टँडवर चढवलेली मोटारसायकल होती. तिच्या मागच्या चाकाला दोरा आणि दोऱ्याच्या टोकाला काळी चिंधी. चाक फिरलं की चिंधी सशासारखी उड्या मारत पळणार आणि कुत्री तिच्यामागं.

मृदंग बसला नाही! चिंधी हलली आणि त्याच्या अंगात वीज शिरली. झेंडा पडला. आणि मग काय सांगू! तो पळत नव्हता, मैदानच त्याच्या पोटाखालून मागं पळत होतं! बाकीची कुत्री त्याच्या धुळीत. पाठ धनुष्यासारखी वाकतेय, सुटतेय, वाकतेय, सुटतेय. माझे टाळ महाराजांच्या लयीत राहिलेच नाहीत, मृदंगाच्या पायांच्या लयीत वाजायला लागले! शेजारचा टाळकरी डोळे वटारतोय. मला कशाची शुद्ध? शेवटची रेघ आता एवढ्यावर आली, हातभर राहिली...

आनंद झाला की माणसाच्या तोंडून काय येतं? कुणी शिट्टी मारतो, कुणी शिवी हासडतो. माझ्या तोंडून एकच येतं. मी दोन्ही हात वर केले आणि त्या माइकमध्ये छाती फुटेस्तोवर ओरडलो, "पुंडलिक वरदे हरी विठ्ठल!"

मैदानाकडच्या कर्ण्यातून माझा आवाज ढगासारखा गडगडला. आप्पांनी तो वाढवून ठेवला होता ना!

मृदंग रेघेच्या तोंडाशी असा थांबला, की चारही पायांनी जमीन नांगरली गेली. मालकाचा आवाज! जयघोष! म्हणजे भाकरी! तो गर्रकन वळला आणि चिंधी सोडून मंडपाकडं सुटला. आणि या जातीला तर डोळ्यांपुढं पळणारं काहीतरी दिसलं की पुरे. चिंधी असो नाहीतर मृदंग! मागची सगळी कुत्री त्याच्यामागं. वीणेलाही भाकरी आठवली. ती सुटली, आणि तिच्या दोरीला सारजा. बायको एवढ्या वेगानं माझ्याकडं आलेली मी लग्नापासून कधी पाहिली नव्हती!

मंडपात एकच गलका! "आगं बया! लांडगं आलं!" बायका बाजूला, पोरं खांबांवर! टाळकऱ्यांनी ओळ सोडायची नसते हे खरं. पण ओळच्या ओळ महाराजांच्या पाठीमागं गेली त्याला कोण काय करणार? कुणाचा तरी धक्का लागून हंडी फुटली. तिच्या बरोबर खाली वीणा होती. दही-लाह्या तिनं वरच्या वर झेलल्या.

मृदंग मात्र सरळ माझ्यापुढं आला. बसला. पुढचे पाय जुळवले, मान ताठ केली आणि माझ्या तोंडाकडं बघत राहिला. तो बसला तशी बाकीची कुत्रीही जीभ बाहेर काढून उभी राहिली. पळणारं कुणी उरलंच नव्हतं, त्यांनी तरी काय करावं?

महाराजांनी मृदंगाकडं पाहिलं. त्याचे जुळवलेले पाय पाहिले. त्यांचे डोळे भरून आले.

"माउली हो," ते म्हणाले, "जिंकलेली शर्यत सोडून हे मुकं जनावर हरिनामाला धावलं. आपल्यापैकी कोण सोडतं हो असं हातातलं?"

टाळ्यांचा कडकडाट! म्हाताऱ्या पदरानं डोळे पुसू लागल्या. भिमाजी आप्पांनी स्वतःच्या गळ्यातला झेंडूचा हार मृदंगाला घातला. त्यानं त्यातलं एक फूल खाऊन पाहिलं. ही भाकरी नव्हे, एवढं त्याच्या लक्षात आलं असावं. खरं सांगायला मी तोंड उघडलंही. पण जिथं महाराज रडताहेत तिथं दूध-भाकरीचं नाव कसं काढू?

तेवढ्यात मैदानावरचा शर्यतवाल्यांचा कर्णा बोलला, "पहिला क्रमांक, कारेगावचा बुलेट!"

झालं होतं असं, की सगळी कुत्री सुटली तेव्हा बुलेट पळायच्या रेघेवरच, झेंड्याच्या काठीशी एक पाय वर करून उभा होता. काम उरकून बघतो तर पुढं कुणीच नाही! मग तो रमतगमत चालत गेला आणि रेघेपलीकडं चिंधीवर जाऊन झोपला. नियम म्हणजे नियम!

गेणबा एका हातात कप आणि एका हातात लाल पट्टा घेऊन मंडपात आला. "दाजी, दोरी!"

माळेवर हात ठेवून दिलेला शब्द! मी मृदंगाच्या कानामागं खाजवलं. त्यानं माझा तळहात चाटला. मी दोरी पुढं केली.

इकडं सारजाला बायांचा गराडा पडला होता. "तुमचंच का वो हे कुत्रं? काय पुण्याई म्हणावी बाई! जरा हात लावू द्या!" सारजाचे केस सुटलेले, अंगावर धूळ, पण मान मृदंगापेक्षा ताठ!

"आमचंच हाय," ती सांगत होती. "लेकरावाणी वाढीवलंय!" आणि तिचं लक्ष दोरीकडं गेलं. ती गर्दीतून अशी आली, की गेणबाच्या हाताला दोरी लागायच्या आत तिच्या मुठीत!

"आक्का, दाजींनी शब्द दिलाय!"

"त्यांनी दिलाय. मी दिलाय का?"

"तूच म्हणाली व्हतीस, कामाचं असंल तरच ठिवायचं!"

"मग? आप्पांनी हार घातला, महाराजांच्या डोळ्यांला पाणी आणलं, त्ये बिनकामाचं?"

"आन् मला काय?"

"तुला कप हाय की! तुझ्या कुत्र्यानं झोपून मिळवलाय, जा घिऊन!"

गेणबानं माझ्याकडं पाहिलं. मी वर फुटक्या हंडीकडं पाहू लागलो. शब्द मी पाळला होता; दोरी पुढं केली होती. पुढचं बहीण-भावांचं!

परतीच्या जीपमध्ये मृदंगाचं तोंड सारजाच्या मांडीवर होतं. मी हळूच म्हणालो, "सारजा, पुढच्या शर्यतीला ना, मी बघ..."

"तुम्ही?" ती म्हणाली. आणि मृदंगाची दोरी हाताला आणखी एक वेढा देऊन गुंडाळली!

त्याच वर्षी हिवाळ्यात दौंडला शर्यती झाल्या. सारजा एकटी गेली, दोन्ही कुत्री घेऊन. मृदंग पहिला आला. कप देताना पुण्याच्या त्याच साहेबांनी विचारलं म्हणे, "यांचे मालक दिसत नाहीत?"

"न्हाई आणलं," सारजा म्हणाली. "ते मधीच वरडत्यात. घरी बांधून आलीया!"