भुरीने हायवे धरला

शनिवार, दिनांक १८ जानेवारी २०२५. सकाळचे अकरा वाजून दहा मिनिटे. रोह्याच्या समाजमंदिरात त्रेचाळीस शेतकरी मांडी घालून बसले होते आणि बाबाजींच्या आत्मविश्वासाला तिथले छप्पर ठेंगणे पडत होते.

"म्हैस कधी विणार, हे यापुढे म्हशीच्याही आधी आपल्याला कळेल!" त्यांनी जाहीर केले.

बाबाजी तंत्रनिकेतनाच्या यंत्रशाळेतून निवृत्त झालेले निदेशक. पेणच्या रामवाडीत घर आणि गोठ्यात एकुलती एक म्हैस, भुरी. पशुसंशोधन प्रकल्पातल्या निशिगंधेने भुरीच्या गळ्यात एक पट्टा बांधला होता. म्हैस किती उठते, किती बसते, किती रवंथ करते, कुठे आहे, हे सारे तो दूरच्या पडद्यावर दाखवी.

हा पट्टा बाबाजींनी हट्टाने मागून घेतला होता. मात्र खरे कारण अर्जात लिहिले नव्हते. गेल्या वर्षी त्यांची बायको गिरजाबाई माहेरी असताना भुरी व्याली. बाबाजी पडवीत पंपाची मोटार उघडून बसले होते. गोठ्यात गेले तेव्हा पारडू गार पडले होते. त्या दिवसापासून त्यांचा यंत्रांवरचा विश्वास वाढला आणि स्वतःवरचा उडाला.

"आज जाऊ नका," गिरजाबाई सकाळी म्हणाल्या होत्या. "कालपासून भुरीचं लक्षण वेगळं हाय."

"पट्टा सांगतो, अजून दोन दिवस!"

"पट्ट्याला किती पोरं झाली?"

बाबाजी चपला घालून निघाले होते.

"आता प्रत्यक्ष पाहू," ते सभेला म्हणाले. निशिगंधेने पडदा उजळला. हिरवा ठिपका गोठ्यात नव्हता. तो मुंबई–गोवा महामार्गावर होता!

"वेग?" बाबाजींनी विचारले.

"ताशी बेचाळीस, सर."

"म्हशीनं हायवे धरला!" मागून कुणीतरी ओरडले.

"सरांचं भाषण ऐकायला निघालीय!"

सभा उकळत्या दुधासारखी उतू गेली. बाबाजी मात्र पांढरेफटक. बेचाळीस म्हणजे टेम्पो, टेम्पो म्हणजे चोरी! त्यांनी गिरजाबाईंना फोन लावला. नुसता वाजत राहिला. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदाही तेच. मग त्यांनी वडखळ नाक्यावर टायरचे दुकान असलेल्या आपल्या जुन्या मित्राला गाठले.

"सुलेमान, माझी भुरी चोरली! तुझ्याकडेच येतेय. एकही टेम्पो सोडू नकोस!"

"तू फोन धर, मी टेम्पो धरतो!"

सुलेमानने रस्त्यात टायर आडवे टाकले. पहिल्या टेम्पोत विटा निघाल्या, दुसऱ्यात भाताची पोती, तिसऱ्यात बिनरंगाचे चाळीस गणपती.

"ठिपका थांबला!" बाबाजी ओरडले. "तुझ्या समोरच आहे!"

"माझ्यासमोर एस्टी हाय, बाबाजी! बत्तीस पॅसेंजर बसलेत. म्हस कुठल्या सीटवर शोधू?"

"आत जाऊन बघ!"

फोनमध्ये थोडा गलका झाला. मग सुलेमानचा आवाज एकदम मऊ झाला.

"कंडक्टरकडं पिशवी हाय रे. तुझा पट्टा, नि केळीच्या पानात चार घावने. भाभीनं पाठवलंय. सांगून गेली, मानूस पट्टा दाखवायला रोह्याला गेलाय, नि पट्टा म्हशीच्या गळ्यातच राहिलाय. त्याची लोकांत शोभा नको व्हायला."

शोभा त्रेचाळीस जणांसमोर व्हायची तेवढी झाली होती! पण बाबाजींना हसू ऐकू येत नव्हते. पट्टा वडखळला असेल, तर भुरीचे काय चालले आहे, हे सांगणारे आता कुणीच नव्हते. आणि गिरजाबाई फोन उचलत नव्हत्या.

ते निशिगंधेच्या स्कूटरवर मागे बसले.

"सर, खांदा सैल धरा! नाहीतर माझ्याच हाताला पट्टा बांधायची वेळ येईल!"

एक वाजून पाच मिनिटांनी ते गोठ्याच्या दारात धडकले. आत गिरजाबाई केस मोकळे सोडून बसल्या होत्या, हात कोपरापर्यंत माखलेले. समोर भुरी एका ओल्या, काळ्याभोर, थरथरत्या जिवाला चाटत होती.

"का गो, फोन का नाही घेतलास?" बाबाजींनी दारातूनच विचारले.

"कुठच्या हातानं घेऊ?"

"आणि पट्टा का काढलास?"

"व्यायच्या येळेला अंगावर बांधलेलं काय ठेवू नये. मी माझे केस सोडले, कपाटाची कुलपं काढली, नि हिच्या गळ्यात ते लुकलुकणारं ठेवू व्हय? म्हटलं, तुमच्या तरी उपयोगी पडंल."

बाबाजी तिथेच खाली बसले. पारडीने त्यांचे बोट तोंडात धरले आणि चोखू लागली.

"मागल्या खेपेला मी..." त्यांनी सुरुवात केली.

"ते पोटातच गेलेलं होतं. मी आल्यावर बघितलं होतं ना," गिरजाबाई म्हणाल्या. "कितीदा सांगायला आले, तुम्ही मोटारीत डोकं घालून. आता उठा, गूळ-पाणी आना तिला."

निशिगंधेने दारात उभ्यानेच प्रकल्पाचा तक्ता उघडला. पट्ट्याच्या रकान्यात काय लिहावे, ते तिला सुचेना. बाबाजींनी पारडीला गोणपाटात घेऊन वजनाच्या ताणकाट्याला अडकवले, चष्मा पुसला, पुन्हा पुसला आणि स्वच्छ अक्षरात स्वतः नोंद केली :

पारडी एक. वजन एकतीस किलो. जिवंत.