दारातली बोअर आणि किशोरचे दात

अरे थांब, मोबाईल ठेव खाली न् नुसतं ऐक! आपला किशोर माहीत हाय ना, वाशिंदच्या कंपनीत जातो तो? त्याचे दात बघितलेस कधी? तपकिरी! चुना मारलेल्या भिंतीवर कुणी चहा फेकलाय जसा! आणि हा पोरगा साधी सुपारी खात नाय रे! शाळेत दातांचा कॅम्प आला तेव्हा डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं, "लहानपणापासून बोअरचं पाणी प्यालास, त्यात फ्लोराइड जास्त. दात बनतानाच डाग बसलेत, घासून जाणार नाहीत." तरी गड्यानं घासले! राखेनं, मिठानं, लिंबानं. डाग तसेच, ब्रश तेवढे झिजले!

दोन ठिकाणी नकार आला. कारण एकच, "मुलगा मावा खातो."

मग तिसरं स्थळ आलं म्हशाकडचं. संजीवनी. फोटो बघून किशोर तीन दिवस जेवायचा विसरला! आणि निघायच्या आदल्या दिवशी दोस्ताला, अक्षयला, छाती काढून म्हणतो, "दात दिसले तर नाय म्हणतील ना? मी तोंडच उघडणार नाय! अर्ध्या तासाचा कार्यक्रम. हूं करायचं न् मान हलवायची, खल्लास!"

"तू गप बस रे, बोलायला मी हाय!" त्याची आई बाईजा म्हणाली. तिच्याकडं हुकमाचं पान होतं. दारातली बोअर! अख्खा पाडा उन्हाळ्यात हंडे घेऊन फिरतो, न् हिच्या दारात बटण दाबलं की धो धो! बाईनं त्याचा व्हिडिओपण काढून घेतलेला.

सगळं फिट्ट. फक्त मुलीचा बाप करतो काय, ते कुणी विचारलंच नव्हतं.

धोंडीमामा! म्हशाच्या जत्रेत चाळीस वर्षं बैलांचे सौदे करून देणारा माणूस! मालक काय पण सांगू दे, हा बैलाचं तोंड उघडून वय सांगणार!

पोहे आले. किशोर एकेक पोहा ओठांच्या फटीतून आत सारतोय, पोस्टाच्या पेटीत कार्ड टाकतात तसा! तिकडं बाईजाचा व्हिडिओ तिसऱ्यांदा चालू. मुलीची आई म्हणते, "बघा ना, पोरीच्या डोक्यावरचा हंडा उतरला!"

"काम परमनंट?" धोंडीमामांनी विचारलं.

"हूं."

"पगार टायमावर?"

मान हलली.

"दारूबिरू?"

मान हललेलीच! थांबवायची राहिली रे!

"नाय नाय! नाय म्हणायचंय त्याला!" बाईजा ओरडली. "लाजतोय तो!"

"लाजत नाय बाई, खात नाय," धोंडीमामा उठले. "बैल वैरणीला तोंड लावीना, म्हंजे मालकानं कायतरी लपवलंय."

आणि एक हात मानेमागं, एक अंगठा ओठाच्या कोपऱ्यात, खट्! किशोरचं तोंड आपोआप उघडलं! बिचारा बैलबाजारात उभा असल्यासारखा आ करून!

सगळे वाकून बघायला लागले.

"बायोडाट्यात सव्वीस लिवलंय," धोंडीमामा म्हणाले. "हे दात चाळीसचे!"

"मामा, आधार बघा!" सोबत आलेल्या अक्षयनं मोबाईल पुढं केला.

"कार्ड छापता येतं, दात नाय!" त्यांनी बघितलंपण नाय. "वय नाय तर तंबाखू. कधीपासून?"

"तंबाखू नाय मामा, आमच्या बो..." किशोर बोलणार, तोच बाईजानं मांडीला असा चिमटा काढला! बोअरचं नाव निघालं तर हुकमाचं पान गेलं ना!

आणि सख्खी आई काय म्हणते माहितीय? "खातो हो थोडी! लग्न झालं की सोडेल!"

बाहेर चहाचा ट्रे घेऊन येणारी संजीवनी दारातच थांबली. "मला तंबाखूवाला नको," म्हणाली, न् ट्रे घेऊन वळली!

चहा परत चाललेला बघून किशोरच्या तोंडाचं कुलूप तुटलं! "बोअर! बोअरचं पाणी हाय! बोअर मारल्यावर जन्मलेली आमच्याकडची सगळी पोरं अशीच! आईचे बघा, पांढरेशुभ्र, ती लग्न होऊन आलीय!"

धोंडीमामा बाईजाकडं वळले. तिनं गप्पकन पदर तोंडाला लावला!

"मग पिता कशाला तेच पाणी?" संजीवनीनं विचारलं.

"दारात हाय म्हणून!"

"म्हंजे माझ्या पोरांचे दात पण असेच?"

किशोर हळूच म्हणाला, "माळाखाली जुनी विहीर हाय. तिचं पाणी तपासलंय, प्यायला चांगलं हाय."

"आणणार कोण?"

बाईजानं पदराआडून किशोरकडं बघितलं. किशोरनं ट्रेकडं.

"मी!"

संजीवनीनं चहा खाली ठेवला.

आता रोज शिफ्टच्या आधी किशोर डोक्यावर दोन, कंबरेवर एक हंडा घेऊन माळ चढतो! दारात बोअर धो धो, कपडे धुवायला! विहिरीवरच्या बाया विचारतात, "काय गो सूनबाई, किती खेपा राहिल्या?" आणि हा सगळे तपकिरी दात दाखवत हसतो! धोंडीमामा तर यंदा जत्रेत सांगत होते, "जावई दातानं म्हातारा, पण ओढायला तरणा!"

आता तू सांग, चहा परत चालला असता, तर तू काय म्हणाला असतास? बोअर, का तंबाखू?