रेडकानंतरचा नंबर

आमच्या घरमालकांचा, म्हणजे मल्लूअण्णांचा, सगळ्यात मोठा वैरी शेजारच्या गोठ्यात बांधलेला असायचा. तो काळा होता आणि त्याला अजून शिंगं फुटली नव्हती. म्हशीच्या त्या रेडकावर अण्णा मनापासून जळायचे.

"बघ की," ते मला जिन्यात अडवून सांगायचे, "शाळेतनं आली की पोरं आधी त्येच्या गळ्यात. बाप हितं हातरुणात जिता हाय का न्हाय, कोण बघाय येत न्हाय. रेडकाची मातूर रोज विचारपूस."

ही दोन हजार सालानंतरची गोष्ट. मंगळवार पेठेत अण्णांच्या घरी वरच्या खोलीत मी भाड्यानं राहायचो. गाव माझं कर्नाटकाच्या हद्दीला लागून. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. घरमालकाशी काय बोलावं, किती बोलावं, हे घरात कुणालाच माहीत नव्हतं, त्यामुळे मला कुणी सांगितलंही नव्हतं. मी आपली मान हलवायचो. बहुतेक त्यामुळेच अण्णा मला सगळं सांगत असावेत.

अण्णा कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका फौंड्रीत होते. पाळी बहुतेक तिसरी, म्हणजे रात्रीची. सकाळी कंपनीची बस त्यांना कोपऱ्यावर सोडायची, तेव्हा शाळेची रिक्षा पोरांना घेऊन गेलेली असायची. अण्णा जेवून झोपायचे ते चारला उठायचे. मोठी गौरी दुसरीत आणि धाकटा बसू बालवाडीत. त्या दोघांच्या मनात आपण कितवे आहोत, याचा हिशेब अण्णांच्या डोक्यात कायम चाललेला असायचा.

"एक नंबर रेडकू," ते सांगायचे. "दोन नंबर रिक्षावाला. हात करून टाटा करत्यात त्येला, गल्ली संपंस्तोवर. तीन नंबर टीव्ही. आपला नंबर चौथा. घर माझं, पोरं माझी, आन मी हितं पावणा."

मग मी आलो. पहिल्याच आठवड्यात बसू जिन्यावर आपटला. माझ्या तोंडून घरच्यासारखं निघालं, "एळ, एनू आगिल्ल." ऊठ, काही झालं नाही. बसू रडायचा थांबला आणि माझ्याकडे बघत राहिला. अक्का, म्हणजे अण्णांची बायको, स्वयंपाकघरातून धावत आली. तिचं माहेर निपाणीच्या पलीकडे. पोरांशी ती कानडीतच बोलायची. त्या दिवसापासून अक्का मला 'तम्मा' म्हणायला लागली, धाकटा भाऊ. पोरं अर्थातच मामा म्हणायला लागली. आणि अण्णा पाचव्या नंबरवर गेले.

"मामा?" संध्याकाळी त्यांनी मला विचारलं. "माझ्या लग्नात कुठं हुतास रं? कानपिळीला माझा कान धराय न्हाय आलास ते?"

मी म्हणालो, "अण्णा, मी तेव्हा पाचवीत असेन."

"मग पाचवीतच ऱ्हायाचं की."

रोज दुपारी मी कॉलेजातून यायचो तोवर पोरं माझ्या दारात बसलेली असायची. मी त्यांना गोष्टी सांगायचो. खरं सांगायचं तर मला गोष्टी सांगता येत नाहीत, पण ती दोघं इतकी गप बसून ऐकायची की मला स्वतःबद्दल जरा बरं वाटायला लागलं होतं. कॉलेजात माझं बोलणं असं कुणी ऐकत नव्हतं. फक्त एक होतं. चारच्या सुमाराला शेजारच्या गोठ्यात धारेची बादली वाजली की दोघं गोष्ट अर्धी टाकून खाली पळायची. मला वाटायचं, टीव्हीवर कार्टून लागत असेल.

नंबर वर काढायचे प्रयत्न अण्णांनी कमी केले नाहीत. एकदा त्यांनी दोघांना गंगावेशीत धारोष्ण दूध पाजायला नेलं. आपल्या वडलांनी आपल्याला असंच नेलं होतं, म्हणून आपण असे धडधाकट, असं त्यांचं म्हणणं. गवळ्यानं म्हशीखाली पेला धरला. बसूनं पेल्याकडे बघितलं, म्हशीकडे बघितलं आणि विचारलं, "पप्पा, हिच्या रेडकाला काय?"

"त्येला बी आसतंय."

"कुठाय ते?"

रेडकू जवळपास कुठं दिसत नव्हतं. बसूनं भोकाड पसरलं. गौरीनंही पेला खाली ठेवला. दोघांचंही दूध शेवटी अण्णाच प्याले.

"तिथं बी रेडकूच आडवं आलं," घरी येऊन ते म्हणाले. ढेकर देतानाही त्यांचा चेहरा दुःखी होता.

मग त्यांनी गोष्ट सांगायचं मनावर घेतलं. संध्याकाळी पोरांना दोन बाजूंना घेऊन त्यांनी एक वाघ विहिरीवर पाणी प्यायला आणला. वाघानं वाकून आत बघितलं, आणि अण्णा घोरायला लागले. रात्रपाळीचा माणूस, पाठ टेकली की संपलं. पोरं वर माझ्याकडे आली आणि वाघाचं पुढं काय झालं ते विचारू लागली. मी आपलं सांगितलं की पाणी पिऊन तो घरी गेला.

दुसऱ्या दिवशी अण्णा जिन्यात उभे होते.

"माझ्या वाघाला घरी तू धाडलास व्हय?"

"पोरांनी विचारलं, अण्णा."

"माझा वाघ हाय त्यो. विहिरीवर का हुबा ऱ्हाईना. तुझं काय जातंय?"

पोरं वाढवण्याबद्दल त्यांचे विचार फौंड्रीतूनच आलेले होते. "लोखंडाचं बरं असतंय," ते म्हणायचे. "साच्यात वतलं की गप पडून ऱ्हातंय. पोरगं साच्यात वता, साचा घिऊन पळतंय." आणि जरा थांबून, "कास्टिंग आपलंच हाय की. पर शिक्का दुसऱ्याचा बसाय लागलाय."

हा दुसऱ्याचा शिक्का म्हणजे कानडी. अण्णांना ती येत नव्हती. "आमच्या आज्जाला बोलाय यायची, बापाला नुसती समजायची. माझ्यापतूर येस्तोवर सपली," असं ते सांगायचे. पण घरात दिवसभर कानडीच चालायची, आणि तीही हळू आवाजात. अण्णा पडद्यामागं झोपलेले असताना बाहेर कुजबुज सुरू असायची. त्यातला एकच शब्द त्यांना कळायचा, अप्पा. समोर पोरं त्यांना पप्पा म्हणायची. पाठीमागं अप्पा.

एका रविवारी ते गच्चीत आले. पाण्याची टाकी बघायचं निमित्त होतं. टाकीचं झाकण काढून त्यांनी आत बघितलं, परत लावलं, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "कल्लाप्पा, मला कानडी शिकीव. पर खाली कळता कामा न्हाय."

"कशाला अण्णा?"

"माझ्याबद्दल बोलत्यात. रोज. मी जागाच असतोय कवा कवा. चार वाजाय आलं की पडद्यापाशी दोघांची भांडणं लागत्यात. तू जा, तू जा, आसं चाललेलं असणार. मला उठवाय कोण जाणार म्हणून. कुणालाच नको असतंय माझ्याजवळ याय." ते टाकीवर बोटानं रेघा ओढत होते. "घामाचा वास येतोय अंगाला, फौंड्रीचा. साबणानं जात न्हाय. मी काय म्हणतोय, काय बोलत्यात ते कळू दे तरी एकदा."

शिकवणी सुरू झाली. अण्णा रोज टाकी बघायला येऊ लागले. अक्कानं मला विचारलंसुद्धा, "तम्मा, टाकी गळती का काय?"

मी सुरुवात जेवण, पाणी, दूध अशा शब्दांपासून केली. ऊटा, नीर, हालू. अण्णांना ते नको होते. "त्ये ऱ्हाऊ दे. कटाळा आला, ह्येला काय म्हणत्यात?"

"ब्यासर."

"नको?"

"ब्याड."

"ह्यो कवा जाणार, ह्येला?"

मला सांगावंसं वाटेना, पण सांगितलं. त्यांनी ते हळूहळू, बरोबर पाठ केलं. मग रागीट, मग वास, मग लांब बस. आपल्याबद्दल पोरं काय म्हणत असतील, याची त्यांनी मनात आधीच तयारी केलेली होती, आणि तेवढेच शब्द ते मागत होते. चांगला एकही शब्द त्यांनी मागितला नाही.

इथं मला एक सांगायला हवं, जरी ते मला नीट सांगता येईल की नाही माहीत नाही. अण्णा रेडकावर जळायचे, रिक्षावाल्यावर जळायचे, माझ्यावर जळायचे, आणि मी गौरी आणि बसूवर जळायचो. माझे वडील कष्टाळू आहेत, मला त्यांनी काही कमी केलं नाही. पण आपण या पोराच्या मनात कितवे, हा प्रश्न त्यांना कधी पडला असेल असं मला वाटत नाही. तशी रीतच नव्हती. आणि इथं एक माणूस रात्रभर भट्टीपुढं उभा राहून येत होता, संध्याकाळी डोळ्यांवरची झोप सारून टाकीशेजारी बसत होता आणि 'लांब बस'ला कानडीत काय म्हणतात ते घोकत होता. मला वाटायचं, कुणी माझ्यासाठी असं काहीतरी घोकावं.

असे दीडेक महिने गेले. एक दिवस आमचा शेवटचा तास झाला नाही आणि मी लवकर घरी आलो. शाळेची रिक्षा नुकतीच दारात थांबली होती. पोरं उतरून घरात शिरणार, तोच अक्का उंबऱ्यावर आली आणि तिनं ओठावर बोट ठेवलं.

"सुम्न," ती कुजबुजली. गप. "अप्पा मलकोंडान." अप्पा झोपलाय. मग दप्तरं काढून घेत तिनं पोरांना हातानं गोठा दाखवला. आधी रेडकाकडं जा. मग वर मामाकडं जाऊन बसा. बादली वाजेपर्यंत घरात पाय ठेवायचा नाही.

पोरं पाय न वाजवता गोठ्याकडं गेली. मी चपला हातात घेऊन जिन्यातच उभा राहिलो. म्हणजे मी आणि ते रेडकू इतके दिवस एकाच कामाला होतो. माझ्या गोष्टींचं मला जे काही वाटत होतं, ते मी त्या जिन्यातच सोडून दिलं.

त्या दिवशी बादली वाजली तेव्हा मीही पोरांच्या मागोमाग खाली गेलो. अक्काचं एक पातेलं परत द्यायचं होतं. पडद्यापाशी भांडण लागलेलंच होतं, अगदी हळू आवाजात, एकमेकांचे सदरे ओढत.

"ना एब्बसतेनि," बसू म्हणत होता. मी उठवणार.

"निन्ने नीन एब्बसिदी," गौरी म्हणाली. काल तूच उठवलंस. "इवत्त नंद पाळी." आज माझी पाळी.

"नंद," बसू म्हणाला, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

मी उभा होतो तिथून पडद्याच्या फटीतून आतलं दिसत होतं. अण्णा झोपलेले नव्हते. पलंगावर उठून बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर, मान भिंतीकडे, परीक्षेला बसलेल्या माणसासारखे. 'पाळी' तर त्यांच्या रोजच्या तोंडातला शब्द. बाकीचे त्यांनी मागितलेले नव्हते, पण मी मधून मधून शिकवलेले होते. त्यांचे ओठ हलले. मग गौरीनं "होग, नी होग," जा, तू जा, म्हणून भावाला सोडलं, आणि अण्णा झटकन आडवे झाले आणि घोरायला लागले. इतक्या मोठ्यानं ते झोपेतसुद्धा कधी घोरले नव्हते.

बसू आत गेला. त्यानं पायाचा अंगठा ओढला. अण्णा उठेनात. त्यानं नाक धरलं. अण्णा उठेनात. शेवटी तो पोटावर चढून बसला आणि कानात ओरडला, तेव्हा त्यांनी डोळे उघडले आणि नेहमीसारखे गुरगुरले, "आली का रेडकाच्या घरची पावणी?"

संध्याकाळी ते गच्चीत आले. मी वाट बघत होतो. त्यांनी टाकीचं झाकण उघडलं, बराच वेळ आत बघितलं आणि लावून टाकलं.

"कल्लाप्पा, कानडी काय आपल्याला जमंना बघ," ते म्हणाले. "डोस्कं जाड हाय. बंद करूया."

मी मान हलवली. दुसरं काय करणार?

"आन नंबर पाचवाच हाय," जिना उतरता उतरता त्यांनी बजावलं. "तू उगा काय बी समजू नगंस."

पुढच्या महिन्यात त्यांना पहिली, म्हणजे सकाळची, पाळी मिळाली. दुपारी साडेतीनला माणूस जागा, ताजा, घरात. आता पोरांना मधली वेळ रेडकाकडं आणि माझ्याकडं काढायची गरज उरली नाही, असं मला वाटलं. पण पोरं वर येतच राहिली. अक्का एकदा काळजीनं म्हणाली, "तम्मा, ह्यास्नी हल्ली फार झोप येती बघ. कामावरनं आलं की लगेच आडवं. रात्री बी झोपत्यात की."

एक दिवस चारच्या जरा आधी मी खाली पाणी भरायला गेलो. पडदा वाऱ्यानं बाजूला सरकला होता. अण्णा पलंगावर उताणे पडलेले होते, कंपनीच्या निळ्या गणवेशात, पायात बूट तसेच. डोळे मिटलेले. शेजारी बादली वाजली. जिन्यावरून दोघांचे पाय धडधडत खाली आले आणि पडद्यापाशी येऊन एकदम हलके झाले. नंद पाळी, नंद पाळी, अशी कुजबुज सुरू झाली.

माझ्या हातातली घागर भिंतीला लागून वाजली. अण्णांनी एक डोळा उघडला. मला बघितलं. ओठावर बोट ठेवलं आणि निपाणीच्या पलीकडच्या माणसाला शोभेल अशा स्वच्छ कानडीत पुटपुटले, "सुम्न कुंद्रु." गप बस.

मग डोळा मिटून ते घोरायला लागले.