पाटलांच्या नावाची सुई

प्रत्येक माणसाला ज्याचं त्याचं वेगळं शरीर असतं, असं आरोग्यशास्त्र सांगतं. आरोग्यशास्त्र शहरात लिहिलं जात असल्याने त्यात अशा चुका राहून जातात. खर्ड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका गावात, बाहत्तरच्या दुष्काळात, ही चूक दुरुस्त करण्यात आली. त्याचं सारं श्रेय गोरक्षनाथ पाटलांना जातं.

पाटील म्हणजे घरचा कर्ता माणूस. (कर्ता म्हणजे ज्याला स्वतःला काही करावं लागत नाही तो.) श्रमदानात त्यांच्या घरचं माणूस कधी चुकलं नाही, ते माणूस म्हणजे त्यांचा सालगडी आसाराम. ग्रामसफाईत पाटलांचा झाडू सगळ्यांच्या पुढे असे, आणि झाडूच्या वरच्या टोकाला आसाराम असे. एकदा पाटलांनी अनवाणी मढीला जायचा नवस बोलला होता, तोही आसारामच्या पायांनी फेडला आणि कानिफनाथांनी काही तक्रार केली नाही. त्यामुळे तालुक्याहून पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, लस आली आणि 'सर्वांनी टोचून घ्यावे' अशी दवंडी फिरली, तेव्हा पाटलांना त्यात अडचण अशी काही दिसलीच नाही.

"आसाराम, उद्या शाळंत जा. सुई घ्यायाची हाय."

"कुनाची, मालक?"

"माजी."

आसारामने जरा विचार केला. "डाव्या दंडात घिऊ का उजव्या?"

"माजा डावा दुखतो. उजव्यात घे."

लस टोचणाऱ्या साहेबांनी यावर हरकत घ्यायला हवी होती, असं काही हेकट लोक म्हणतील. पण गाव सगळं टंचाईच्या कामावर खडी फोडायला गेलेलं. साहेबांना वरून ठरवून दिलेल्या आकड्याइतके दंड टोचायचे होते. ते एकाच माणसाचे नसावेत असं वरून कोणी कळवलं नव्हतं. शिवाय हा माणूस रडत नव्हता, पळत नव्हता आणि आपण होऊन बाही वर करत होता. असा नागरिक सरकारला वरचेवर मिळत नाही.

पाटलांची झाली. मग त्यांच्या मातोश्री बायडाबाईंची झाली, मग चिरंजीवांची. हे पाहून सरपंचांनी आसाराम मागून नेला, जशी पेरणीला शेजाऱ्याची बैलजोडी मागून नेतात. मग दुकानदाराने नेला. मग हेडमास्तरांनी नेला, आणि ते तर शाळेत आरोग्य हा विषय शिकवत. आसारामचे दोन्ही दंड सुजले, अंगात ताप भरला. पाटलांना मात्र त्या संध्याकाळी फारच हुशारी वाटली. सुईचा ताप आपल्याला जराही आला नाही, म्हणजे आपल्या अंगची प्रतिकारशक्ती मूळचीच दांडगी, असा त्यांनी निष्कर्ष काढला आणि दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

आसारामची बायको चांगुणा तेवढी जरा अडाणी. ती वाड्यावर येऊन म्हणाली, "पाटील, मला बी टोचून घ्यायचीया. पोटात पोर हाय."

"आसारामानं घेतली की."

"त्यांनी तुमची घेतली."

"आगं, नवऱ्याच्या अंगात औषीद गेलं, मंग बायकूला येगळं कशाला? आन् जनावरांना पानी कोन दावील?"

जनावरांना पाणी दाखवून ती शाळेत पोचली तेव्हा बाटल्या रिकाम्या झाल्या होत्या. साहेब म्हणाले, गावाचं लसीकरण एकशे चार टक्के झालेलं आहे, आता वाव नाही. (वरचे चार टक्के हा लोकांचा उत्साह.)

पटकीला मात्र हा व्यवहार कोणी समजावून सांगितलेला नव्हता. टँकरचं पाणी गावच्या विहिरीत ओतत आणि त्याच विहिरीच्या काठावर अख्खं गाव धुणी धूत असे. तिथून ती आली आणि कोणाच्या नावाची सुई झाली आहे याची चौकशी न करता थेट पाटलांच्या घरात शिरली. पाटील, मातोश्री, चिरंजीव, तिघेही एका रात्रीत आडवे झाले. "आरं, माजी सुई झालीया!" पाटील तांब्या हातात धरून ओरडत होते. पटकीने ऐकलं नाही.

जीप बोलावून तिघांना जामखेडला नेलं, सलाइन लावलं आणि तिघेही वाचले. चांगुणालाही त्याच सकाळी पटकी लागली होती. जीपमध्ये जागा होती, पण तिथे पाटलांच्या गाद्या ठेवायच्या होत्या. तिला मागून बैलगाडीने काढलं. गाडी अर्ध्या वाटेवर होती तेव्हा ती गेली, आणि तिच्याबरोबर पोटातलंही गेलं. तिच्या मौतीला पाटलांना जाता आलं नाही. त्यांनी आपल्या वतीने गडी पाठवला असता, पण गडी आधीच तिथे होता.

आसारामला काहीच झालं नाही. यावर चावडीत बराच खल झाला. हेडमास्तरांनी शास्त्रीय खुलासा केला की सगळ्यांची प्रतिकारशक्ती या एकाच्या अंगात जमा झाली आहे आणि याने ती कोणाला पोचवलेली नाही. सरपंचांचं मत पडलं की ही अफरातफर आहे. पाटलांचं मन मोठं, त्यांनी त्याला माफ केलं.

दहाव्याचं पिंडदान झाल्यावर आसाराम वाड्यावर आला. "मालक, मी जातो राहात्याकडं. ऊसतोडीला."

"जा की," पाटील म्हणाले. "पन माजी सुई हितं ठिवून जा."

"ती कशी ठिवू, मालक?"

"मंग ऱ्हा."

आसाराम राहिला.

वाचकहो, आपण अशा अडाणी गावात राहत नाही, ही समाधानाची गोष्ट आहे. आपण शिकलेले आहात, आपल्या मुलांना वेळेवर लस देता, पाणी उकळून पिता, आणि पाटलांना एवढा वेळ मनातून शिव्या दिल्यात हेही तब्येतीला चांगलंच. आपली प्रकृती उत्तम आहे. ती तशी राहावी म्हणून गेल्या पावसाळ्यात आपल्या गल्लीतल्या तुंबलेल्या गटारात कंबरभर कोण उतरलं होतं, तेवढं त्याचं नाव सांगा. जात नको. ती आपल्याला न विचारता सांगता येईल. नाव सांगा.