शालिकभाऊंचा बुढा

चहा पिता पिता शालिकभाऊंचे डोळे भरून आले, की समजायचं, त्यांना 'बुढा' आठवला. बुढा म्हणजे एकोणिसाव्या शतकातला एक जर्मन संगीतकार. चार तंतुवाद्यांनी मिळून वाजवायच्या सुरेख रचना त्यानं केल्या आणि जग त्याला विसरून गेलं. त्याच्या नावाचा उच्चार आम्ही चौघं वादक चार तऱ्हांनी करायचो.

चंद्रपुरात भाऊंच्या बैठकीत आमची तालीम चाले. भाऊ पहिलं व्हायोलिन, दूर जंगलातल्या भामरागडला नर्स असलेली संगीता दुसरं, डेव्हिड मास्तर व्हायोला, मी चेलो. कोणी घाई केली की भाऊंचा व्हायोलिनचा गज हवेत. "काऊन पळून राह्यला? बुढा दीडशे वर्सं थांबला, तुले दोन मात्रा थांबता येत नाई?" उशीर तर मुळीच खपत नसे. संगीताला दारातच झापत, "घड्याळ जंगलात इसरली का?"

आमचा पहिला कार्यक्रम ऐन पावसाळ्यात ठरला. दुपारी संगीताचा फोन आला. "भाऊ, पुलावर पाणी चढून राह्यलं. पण निघाली मी." मग फोन लागेचना.

संध्याकाळी सभागृह भरलं. संयोजक कुजबुजले, "तिघंच वाजवा ना भाऊ. कोणाले समजते?"

आता भडका उडणार म्हणून मी डोळे मिटले. भाऊ एवढंच म्हणाले, "नाई."

तेवढ्यात कोणीतरी बातमी आणली, भामरागडच्या वाटेवरच्या नाल्यात एक जीप वाहून गेली. भाऊंनी व्हायोलिन पेटीत ठेवलं आणि बाहेर पायऱ्यांवर, भर पावसात जाऊन उभे राहिले. मास्तर छत्री घेऊन गेले, तर ती त्यांनी धरलीच नाही. आत खुर्च्या रिकाम्या होऊ लागल्या.

संगीता आली ती एका ट्रकमधून. गुडघ्यापर्यंत चिखल, छातीशी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं वाद्य.

"कोरडं हाये भाऊ," ती घाईघाईनं म्हणाली. "उशीर झाला, पण व्हायोलिन कोरडं—"

"आग लागो त्याले! तुले लागलं तं नाई वं कुठी?"

ती नाही म्हणाली, तसे भाऊ तिथंच ओल्या पायरीवर मटकन बसले.

उरलेल्या श्रोत्यांसमोर आम्ही वाद्यं जुळवायला घेतली. भाऊ खुंटी पिळत राहिले, पण तार काही सुरात लागेना. संगीतानं त्यांचं व्हायोलिन घेतलं, तारा जुळवल्या आणि परत त्यांच्या मांडीवर ठेवलं.

"घरी फोन केला का, पोचली म्हणून?" त्यांनी हळूच विचारलं.

"झाल्यावर करतो ना भाऊ. लोक बसले हायेत."

"आंधी कर," शालिकभाऊ म्हणाले. "बसतीन लोक."